टंचाई जुनी, भाव नवा

ओझर म्हटले की परगावच्या माणसाला अष्टविनायकांतला विघ्नेश्वर आठवतो. ते ओझर जुन्नरकडचे. आमचे ओझर नाशिक जिल्ह्यातले, निफाड तालुक्यातले, मुंबई-आग्रा रस्त्यावरचे. १९६४ साली सोविएत रशियाच्या सहकार्याने इथे मिग विमानांचा कारखाना निघाला आणि तेव्हापासून लोक आमच्या गावाला 'ओझर मिग' म्हणू लागले. अलीकडे कामाला, पलीकडे द्राक्षबागेला, अशी दोन्हीकडे पाय ठेवलेली पुष्कळ घरे इथे आहेत. आमचे शेजारी त्यांतलेच. त्यांचे वडील कारखाना निघाला तेव्हा कामाला लागले, पुढे हेही लागले; शिवाय दोन एकर बाग. मी मराठीचा मास्तर. उभी हयात एका अनुदानित महाविद्यालयात शिकवण्यात गेली आणि फावल्या वेळात पुस्तकांची परीक्षणे लिहिली. त्यामुळे गल्लीत माझी ख्याती अशी, की कागद कोणताही असो, सरांना दाखवावा.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात एका संध्याकाळी शेजारी आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी बारावी होऊन वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला बसली होती. गुण चांगले होते. पण सरकारी महाविद्यालयाची यादी तिच्या जरा वरच थांबली होती. शेजाऱ्यांनी तीन कागद माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "सर, तुम्ही एवढी पुस्तके तपासता. ही तीन तपासा आणि सांगा, कोणतं खरं बोलतंय." आमच्या सौ.ने चहा ठेवला. मुलगी कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंग चोरून बसली होती. आपल्यामुळे बापाला कोणाच्या तरी दारी जावे लागते आहे, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते. त्या तीन कागदांचे परीक्षण त्या दिवशी मला नीटसे करता आले नाही. ते आज करतो आहे.

पहिला कागद एका खाजगी विनाअनुदान वैद्यकीय महाविद्यालयाचा. वर्षाचे शुल्क दहा लाखांच्या घरात. दुसरा एका अभिमत विद्यापीठाचा. तिथे वर्षाला वीस लाखांच्या वर. तिसरा नाशकातल्या एका मध्यस्थाने दिलेला, रशियातल्या एका वैद्यकीय विद्यापीठाचा. तिथला सहा वर्षांचा सगळा खर्च दुसऱ्या कागदातल्या दोन वर्षांच्या शुल्कात भागत होता. शेजाऱ्यांनी मागे पेन्सिलीने आकडेमोड केली होती: भविष्यनिर्वाह निधी इतका, सोने इतके, आणि शेवटी 'बाग', त्यापुढे प्रश्नचिन्ह.

समीक्षेचा एक साधा नियम आहे. पुस्तकात काय आहे ते पाहावेच, पण काय नाही तेही पाहावे. ह्या कागदांत वातानुकूलित वसतिगृह होते, व्यायामशाळा होती, 'जागतिक दर्जा' तर प्रत्येक पानावर होता. रशियाच्या कागदात भारतीय जेवणाची सोय ठळक अक्षरांत होती. नव्हता तो एकच शब्द: रुग्ण. डॉक्टर होण्याच्या तीन कागदांत आजारी माणूस कोठेच नव्हता. मला हा मुद्रणदोष वाटला नाही. कागद ज्याच्यासाठी लिहिला जातो त्याचीच भाषा त्यात येते; आणि हे कागद रुग्णासाठी नव्हते, विद्यार्थ्यासाठीही नव्हते, पैसे मोजणाऱ्या बापासाठी होते.

पूर्वी असे नव्हते, असे म्हणण्याचा मोह माझ्या वयाच्या माणसाला होतो. तो मोह आवरून, पूर्वी काय होते ते आधी सांगतो.

१९४६ साली दोन गोष्टी घडल्या. सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीने हिंदुस्थानच्या आरोग्यव्यवस्थेविषयीचा आपला मोठा अहवाल सरकारला दिला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचाराला मुकू नये, हे त्याचे मुख्य सूत्र. त्याच वर्षी व्ही. शांताराम ह्यांचा डॉ. कोटणीसांवरचा चित्रपट आला. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास महाविद्यालयातून डॉक्टर झाले, १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. अहवाल वाचणारे थोडे, चित्रपट पाहणारे अगणित. पण दोन्हींतला डॉक्टर एकच होता. तो समाजाचा माणूस होता, आणि समाजाने त्याला शिकवायचे, मग त्याने समाजाकडे पाहायचे, असा हा अलिखित करार होता.

कोटणीस ज्या महाविद्यालयात शिकले ते १९२६ साली देणगीतून उभे राहिले. गोर्धनदासांच्या विश्वस्तांनी पैसा दिला तो एका अटीवर, की इथे शिकवणारे अध्यापक हिंदी असावेत. त्या काळी ही अट म्हणजे लहानसा स्वातंत्र्यलढाच होता. चालवायला मुंबईची नगरपालिका होती. त्याआधीचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे. त्याच्या शेजारच्या रुग्णालयाला जमशेटजी जीजीभॉयांचा पैसा लागला. म्हणजे 'देणगी' हा शब्द वैद्यकीय शिक्षणात जुनाच आहे. पूर्वी श्रीमंत माणूस महाविद्यालयाला देणगी देई, म्हणून गरिबाचा मुलगा शिके. पुढे मुलाचा बाप महाविद्यालयाला देणगी देऊ लागला, म्हणून त्याचा स्वतःचा मुलगा शिकू लागला. शब्द तोच राहिला, त्याची दिशा मात्र उलटी झाली. मराठीत इतक्या थोड्या वर्षांत इतका उलटा फिरलेला दुसरा शब्द मला माहीत नाही.

स्वातंत्र्यानंतर देणगीदाराची जागा सरकारने घेतली. नेहरूंच्या काळात समाजवाद हा शब्द सभेतही होता आणि अंदाजपत्रकातही. १९५६ साली दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. १९५८ साली पवईला युनेस्को आणि सोविएत रशियाच्या साहाय्याने तंत्रविज्ञान संस्था निघाली. आमच्या ओझरचा कारखाना त्याच कुळातला. आपल्याकडे औरंगाबाद, मिरज, सोलापूर, अंबाजोगाई अशी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये होत गेली. शुल्क इतके, की शिक्षकाचा किंवा कारकुनाचा मुलगा भरू शके. माझा स्वतःचा पगारसुद्धा त्याच अनुदानाच्या विहिरीतला. तेव्हा ह्या लेखात तराजू थोडा तिकडे झुकला, तर वाचकांनी तो सावरून घ्यावा.

परंतु त्या काळाचे परीक्षण करायचे तर त्याचेही दोष लिहिलेच पाहिजेत. विहीर चांगली होती, पण पोहरा एकच होता. नाशिकसारख्या मोठ्या जिल्ह्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. उत्तर महाराष्ट्रासाठी धुळ्याचे महाविद्यालय झाले तेही १९८९ साली. निफाडच्या शेतकऱ्याच्या मुलीने पुण्या-मुंबईच्या मुलांशी गुणांत बरोबरी करावी आणि मग घर सोडून तिकडे राहावे, हे तेव्हा किती घरांत घडले असेल? भोर समितीने एक निर्णय असा केला होता, की यापुढे डॉक्टर एकाच पदवीचा असावा, खालच्या दर्जाचा परवान्याचा अभ्यासक्रम बंद व्हावा. त्या वेळी देशात पदवीधर डॉक्टरांपेक्षा परवानाधारकच जास्त होते आणि समितीतल्याच काही सभासदांनी ह्याला विरोध नोंदवला होता. तत्त्व उदात्त होते. पण त्यामुळे डॉक्टर घडवण्याची वाट अरुंद झाली, आणि ती रुंद करायला लागणारा पैसा सरकारने कधीच पुरेसा घातला नाही. शिवाय लोकांच्या पैशांवर शिकून परदेशी गेलेले डॉक्टर थोडे नव्हते. जे राहिले त्यांपैकीही खेड्यात गेले ते थोडेच. अलिखित करार पाळण्यात दोन्ही पक्ष कमी पडले.

म्हणून १९८३ साली वसंतदादा पाटलांनी विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण आणले, तेव्हा ते केवळ पैसेवाल्यांसाठी आणले असे मी म्हणणार नाही. महाराष्ट्रातली मुले तेव्हा कर्नाटकात जाऊन पैसे भरून शिकत होती. तो पैसा आणि ती मुले इथेच राहावीत, हा विचार व्यवहारी होता. त्यातून लोणीसारख्या, कराडसारख्या ठिकाणी महाविद्यालये आली. ज्या घरांनी मुलीला पुण्याला पाठवले नसते, त्यांनी तिला तालुक्याच्या गावी पाठवले. नाशिकची मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था १९१४ पासूनची. तिने १९९० साली आडगावला वैद्यकीय महाविद्यालय काढले. ओझरहून नाशिकला जाताना ते वाटेतच लागते आणि आमच्या गावची कितीतरी माणसे तिथल्या रुग्णालयात बरी होऊन आली आहेत. हे जमेच्या बाजूला मांडल्याशिवाय पुढचे बोलणे न्यायाचे होणार नाही.

मग चुकले कोठे?

हे कळण्यासाठी थोडा न्यायालयाचा रस्ता चालावा लागेल. कॅपिटेशन फी घेण्यास बंदी करणारा कायदा महाराष्ट्राने १९८७ सालीच केला. म्हणजे धोरण येऊन चार वर्षे होतात न होतात तोच रोगाला नाव द्यावे लागले. १९९१ साली देशाने परवान्यांचे अर्थकारण सोडण्याचा निर्णय केला. पुढच्याच वर्षी मोहिनी जैन खटला आला. कर्नाटकात सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये शुल्क होते आणि परराज्यातल्या मुलीला त्याच शिक्षणासाठी ६०,००० सांगितले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ही फी म्हणजे शिक्षणाची विक्री ठरवून बेकायदा म्हटले. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात मधला मार्ग निघाला: निम्म्या जागा सरकारी दराने, निम्म्या पैसे भरून, एकाच्या पैशांवर दुसऱ्याने शिकावे. २००२ साली अकरा न्यायाधीशांच्या पीठाने तो मार्ग बंद केला. संस्थेने आपले शुल्क आपण ठरवावे, वाजवी शिल्लक ठेवावी, नफेखोरी मात्र करू नये, असे सांगितले. २००५ साली आपल्या महाराष्ट्रातल्याच इनामदार खटल्यात विनाअनुदान संस्थांवर सरकारने आपला वाटा आणि आरक्षण लादू नये, असे ठरले. त्यावर संसदेला घटनाच दुरुस्त करावी लागली. त्याच निकालात अनिवासी भारतीयांसाठी पंधरा टक्क्यांपर्यंत जागा मान्य झाल्या.

तेरा वर्षांत चार निकाल. प्रत्येक निकालामागे सद्हेतू आहे, आणि तरीही ह्या सगळ्यांतून सामान्य माणसाच्या हाती काय आले, तर नवे शब्द: मोफत जागा, पेमेंट जागा, व्यवस्थापन कोटा, अनिवासी कोटा. जागा ह्या शब्दाचा अर्थ पूर्वी 'बसायची जागा' असा होता. आता तो नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरच्या जागेसारखा झाला; दर विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आता माझा मुख्य मुद्दा सांगतो. लोक म्हणतात, समाजवाद गेला आणि बाजार आला, म्हणून शिक्षण महाग झाले. मला हे पूर्ण खरे वाटत नाही. आपण समाजवादाकडून बाजाराकडे गेलो असतो, तर निदान बाजाराचा एक गुण आपल्या वाट्याला आला असता. माल वाढला की भाव उतरतो, तो गुण. तसे झाले नाही. आपण जुन्या घरातून टंचाई उचलून आणली आणि नव्या घरातून भाव उचलून आणला. जुन्या व्यवस्थेत टंचाई होती, पण किंमत कमी होती. ज्याला मिळाले त्याला स्वस्त मिळाले. बाजारात किंमत असते, पण टंचाई फार काळ टिकत नाही. आपण दोन्हींतले वाईट तेवढे वेचून एका घरात मांडले.

ह्याला पुरावा आपल्याच डोळ्यांसमोर आहे. १९८३ च्या धोरणातून एकाच वेळी दोन झाडे लावली गेली, अभियांत्रिकीचे आणि वैद्यकीय. अभियांत्रिकीला परवानगी मिळणे पुढे सोपे झाले, महाविद्यालये गावोगाव निघाली. गेल्या दशकात महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या हजारो जागा रिकाम्या राहिल्या, काही महाविद्यालये बंद पडली, आणि जिथे एके काळी देणगी मागत तिथे प्राध्यापक मुले शोधत घरोघर फिरू लागले. ओझरमध्येसुद्धा असे प्राध्यापक आलेले मी पाहिले आहेत. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी शेजारच्या मुलाला बसभाड्याची सवलत सांगितली. वैद्यकीय महाविद्यालयाला मात्र जमीन, रुग्णालय, खाटा, राज्याचे प्रमाणपत्र, दिल्लीच्या परिषदेची तपासणी, अशी परवान्यांची माळ तशीच राहिली. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे, तेव्हा तपासणी हवीच. पण जिथे परवाना दुर्मिळ तिथे परवान्यालाच किंमत येते. २०१० साली लाचेच्या आरोपावरून भारतीय वैद्यक परिषदेच्या अध्यक्षांना अटक झाली आणि सरकारला परिषदच बरखास्त करावी लागली, हे वाचकांना आठवत असेल. परवान्यांचे राज्य १९९१ साली संपले म्हणतात. ते साखरेत, सिमेंटात, स्कूटरीत संपले. डॉक्टरकीत त्याला उलट मालक मिळाले.

कोणी म्हणेल, जागा वाढल्या की! वाढल्या, हे खरे. २०१४ च्या आधी देशात एम.बी.बी.एस.च्या सुमारे ५१ हजार जागा होत्या. दहा वर्षांत त्या दुपटीहून अधिक झाल्या, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या सरकारी आहेत. पण २०२४ साली नीटला बसलेली मुले होती २३ लाखांहून अधिक. वीस जण रांगेत आणि खिडकीत एक तिकीट, अशी स्थिती असेल तर तिकीट कितीला विकायचे हे विकणारा ठरवतो. शुल्क ठरवायला राज्यात समिती आहे, २०१५ चा कायदा आहे. पण समिती संस्थेचा खर्च पाहून शुल्क ठरवते, बापाची ऐपत पाहून नव्हे. अभिमत विद्यापीठे तर त्या समितीच्या कक्षेबाहेर आहेत.

आता तिसरा कागद. मला त्याचे सर्वांत जास्त नवल वाटले, कारण तो आमच्या गावच्या ओळखीच्या देशातून आला होता. १९६० साली मॉस्कोत परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक विद्यापीठ निघाले. पुढे त्याला काँगोच्या पॅट्रिस लुमुंबाचे नाव मिळाले. आपल्याकडची मुले तिथे शिष्यवृत्तीवर जात. त्यात मैत्रीही होती आणि राजकारणही होते. पण मुलाच्या बापाला बाग विकावी लागत नसे. १९९१ साली सोविएत संघ मोडला. जी वैद्यकीय विद्यापीठे समाजवादी सरकारने आपल्या लोकांसाठी वाढवली होती, त्यांना पगारापुरतेही पैसे मिळेनात, आणि परदेशी विद्यार्थी हे त्यांचे उत्पन्नाचे साधन झाले. रशिया, युक्रेन, किर्गिझस्तान, कझाकस्तान, सगळीकडे हेच. म्हणजे आमच्या शेजाऱ्यांच्या हातातला तिसरा कागद हा दोन देशांच्या एकाच निर्णयाचे फळ होता. त्यांनी समाजवाद सोडताना वर्ग रिकामे करून विकायला काढले. आपण सोडताना दारे अरुंद ठेवून आत जायचा भाव वाढवला. ज्याला आपल्या दारातून जाता आले नाही तो त्यांच्या वर्गात जाऊन बसला.

त्याची किंमत २०२२ साली साऱ्या देशाने पाहिली. फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा आपली हजारो मुले तळघरांत अडकली होती. सरकारने 'ऑपरेशन गंगा' काढून सुमारे साडेबावीस हजार भारतीयांना परत आणले; त्यांतले बहुतेक वैद्यकीय विद्यार्थी. खारकीव्हमध्ये कर्नाटकातला एक मुलगा मारला गेला. त्या दिवसांत पुष्कळांनी प्रथमच विचारले, की इतकी मुले तिकडे गेलीच कशाला? उत्तर आमच्या चहाच्या टेबलावर पडलेल्या दोन कागदांत होते. आणि परत आल्यावरही वाट सोपी नाही. परदेशी पदवीधारकांना २००२ पासून इथे चाळणी परीक्षा द्यावी लागते. तिच्यात बहुतेक वेळा उत्तीर्णांपेक्षा अनुत्तीर्णच जास्त असतात. हे मध्यस्थाच्या कागदावर नव्हते.

दोन आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे. पहिला असा, की सरकारकडे पैसा कोठे आहे? १९९७ साली केंद्राच्या अर्थखात्याच्या टिपणात प्राथमिक शिक्षण अनुदानास पात्र आणि उच्च शिक्षण तितके पात्र नाही, अशी वर्गवारी झाली होती. २००० साली पंतप्रधानांच्या व्यापार-उद्योग मंडळासाठी मुकेश अंबानी आणि कुमारमंगलम बिर्ला ह्यांनी केलेल्या अहवालात, उच्च शिक्षणाचा खर्च घेणाऱ्याने सोसावा, असा सूर होता. शिकणाऱ्यालाच पदवीचा लाभ होतो, मग त्यानेच पैसे का भरू नयेत, हे वरवर न्यायाचे दिसते. परंतु डॉक्टरची पदवी कोणाच्या उपयोगी पडते? ज्याने एक कोट रुपये घालून पदवी घेतली, तो ते कोणाकडून वसूल करणार? आमच्याकडूनच. तेव्हा 'घेणाऱ्याने खर्च सोसावा' ह्याचा शेवटचा अर्थ 'आजाऱ्याने सोसावा' असा होतो. बिल विद्यार्थ्याच्या नावावर फाटते, पण भरतो रुग्ण. त्या तीन कागदांत रुग्ण का नव्हता, हे मला तेव्हा उमगले. तो शेवटी येणार होता.

दुसरा आक्षेप असा, की सरकारी महाविद्यालयातला मुलगा तरी कोठे खेड्यात जातो? खरे आहे. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्याने एक वर्ष सेवा द्यावी, असे बंधपत्र असते, आणि ते कसोशीने पाळले जाते असा लौकिक नाही. पण करार पाळला जात नाही म्हणून करारच रद्द करून दुकान मांडावे, हे शहाणपण नव्हे. बंधपत्र निदान मान्य करते, की हा मुलगा लोकांचे काही देणे लागतो. पावती फक्त एवढेच सांगते, की हिशेब मिटला.

इथे आमच्या गावची एक गोष्ट सांगतो. ओझरकडे वाघाड धरणाचे पाणी येते. पूर्वी सरकारी पाटाचे पाणी वरच्यांना भरपूर आणि शेवटच्या टोकाला काहीच नाही, अशी रीत होती. नव्वदच्या सुमारास इथल्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. सरकारकडून पाणी मोजून घ्यायचे, आपसांत ठरलेल्या पाळीने वाटायचे, पट्टी सर्वांनी भरायची. शेवटच्या शेतापर्यंत पाणी गेले. ह्याच अनुभवांच्या बळावर राज्याला २००५ साली कायदा करावासा वाटला. सांगायचे हे, की सरकारच्या हातून एखादी गोष्ट काढून घेतली की ती सावकाराच्याच हातात गेली पाहिजे असा काही नियम नाही. ती लोकांच्या हातातही जाऊ शकते. फक्त मोजमाप उघडे पाहिजे, दर सर्वांना माहीत पाहिजे आणि शेवटच्या शेताचा हक्क आधी ठरलेला पाहिजे. वैद्यकीय शिक्षणात ह्या तिन्ही गोष्टी आपण केल्या नाहीत. वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९६९ साली निघालेले महाविद्यालय सरकारच्या मदतीने एक संस्था चालवते आणि खेड्यांशी नाते सोडत नाही. म्हणजे तिसरी वाट अगदीच कल्पनेतली नाही.

नाशिकला १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आले. राज्यभरच्या डॉक्टरांच्या पदव्यांवर आमच्या जिल्ह्याचे नाव छापले जाऊ लागले. पण जिल्ह्यातल्या मुलांसाठी इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मंजूर व्हायला पुढे दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला. शिक्का घरात आणि शाळा परगावी, अशी ही गंमत.

आता त्या मुलीचे काय झाले ते सांगून लेख संपवतो. कारण सगळे परीक्षण वाचून वाचक शेवटी तेच विचारतील.

त्या संध्याकाळी मी शेजाऱ्यांना एवढेच म्हणालो, "भाऊ, बाग विकू नका. एक वर्ष थांबा." सल्ला देणे सोपे असते, वर्ष मुलीचे जाणार होते. ती मान खाली घालून म्हणाली, "काका, पुढच्या वर्षीही यादी वरच थांबली तर?" मला उत्तर देता आले नाही. वर्षभर त्यांच्या घरातला दिवा पहाटेपर्यंत जळताना मी पाहिला. दुसऱ्या वर्षी यादी तिच्यापर्यंत आली. दूरच्या एका जिल्ह्यात नव्याने निघालेल्या सरकारी महाविद्यालयात तिला जागा मिळाली. शेजाऱ्यांनी गल्लीत पेढे वाटले.

ह्या दिवाळीला ती पहिले वर्ष संपवून घरी आली आहे. वसुबारसेच्या संध्याकाळी चकल्यांचे ताट घेऊन आली, तेव्हा मी हौसेने विचारले, "कसं आहे तुमचं कॉलेज?" ती म्हणाली, "चांगलं आहे काका. पण शिकवायला पुरेसे सर नाहीत. एका विषयाचे सर बदली होऊन गेले, ते अजून कोणी आलेच नाही. इमारतही जुन्या रुग्णालयाचीच. आम्ही वरच्या वर्गातल्या मुलांकडून शिकून घेतो."

मी गप्प राहिलो. टंचाई गेली म्हणून पेढे वाटले होते; ती जागेवरून उठून मास्तरांच्या खुर्चीत जाऊन बसली होती. सरकारने दार रुंद केले खरे, पण आत दिवा लावायला माणूस ठेवला नाही. ज्या कराराचे गोडवे मी वर गायले, त्याची निम्मी बाजू पाळायची तर जागांची घोषणा पुरत नाही, पगार द्यावा लागतो. हे लिहिले नाही तर माझे परीक्षणही त्या तीन कागदांसारखेच होईल.

जाता जाता तिने सांगितले, की सुटीत ती रोज सकाळी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन उभी राहते. तिथल्या डॉक्टरीणबाई तिला रक्तदाब मोजायला देतात. "पहिल्याच दिवशी एका आजींनी विचारलं, पोरी, तू कोणाची? मी बाबांचं नाव सांगितलं. म्हणाल्या, मग माझा हात धर, भिऊ नको."

आजी रुग्ण होत्या, आणि धीर त्यांनीच दिला. चकल्या खुसखुशीत होत्या. बाग अजून शेजाऱ्यांचीच आहे. ह्या आठवड्यात छाटणीनंतरची फूट चांगली दिसते आहे.